फोडणीतली हळद औषध कधी झाली?

२०२० च्या टाळेबंदीत आयुष मंत्रालयाने प्रतिकारशक्तीसाठी एक सूचना काढली. दीडशे मिलिलिटर गरम दुधात अर्धा चमचा हळद, दिवसातून एकदा किंवा दोनदा. स्वयंपाकात हळद, जिरे, धणे, लसूण वापरा, असंही तिच्यात होतं. ते वाचून आई म्हणाली, "वरणात हळद घाल हे सरकारने कशाला सांगायला हवं?" तिचं खरंच होतं. हळद आपण कारण विचारून घालत नाही. मग ती 'आरोग्यासाठी' खायची, हा विचार कुठून आला?

जुना धागा हरियाणातल्या फरमाणा इथे सापडतो. तिथल्या हडप्पाकालीन वस्तीत अरुणिमा कश्यप आणि स्टीव्ह वेबर या संशोधकांना भांड्यावर आणि माणसांच्या दातांवर हळद-आल्याच्या पिठूळ कणांचे अंश मिळाले. वय साधारण साडेचार हजार वर्षं. म्हणजे हळद तेव्हा शिजत होती, एवढं नक्की. चवीसाठी की पोटासाठी, हे दातांवरून कळत नाही.

चरकसंहितेत हरिद्रा, म्हणजे हळद, लेखनीय (खरवडून काढणाऱ्या), कुष्ठघ्न (त्वचारोग घालवणाऱ्या) आणि विषघ्न (विष उतरवणाऱ्या) औषधांच्या गणांत येते. यातला कुष्ठघ्न हा गुण त्वचेचा आहे. घरातही तेच दिसतं. नवरानवरीला हळद लागते ती अंगाला. गुडघा फुटला की आजी चिमूटभर हळद जखमेवर दाबून धरायची आणि रक्त थांबेपर्यंत बोट काढायची नाही. पोटात घ्यायची हळद म्हणजे खोकल्यावरचं दूध किंवा मार लागल्यावरचं. तेही दोनचार दिवस, रोजचा रतीब नव्हे. आणि घेतल्या घेतल्या गुण मागणाऱ्यासाठी म्हण तयारच होती: पी हळद अन् हो गोरी.

युरोपात हळदीकडे आधी रंग म्हणून पाहिलं गेलं. १८१५ मध्ये व्होगेल आणि पेल्टिये यांनी तिच्यातलं पिवळं द्रव्य वेगळं काढलं, तेच कुरकुमिन. त्याची रचना १९१० मध्ये उलगडली. या द्रव्याचा स्वभाव आपल्या बायकांना फार आधीपासून ठाऊक होता. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो आणि उन्हात वाळत घातला की उडून जातो. क्षार लागला की लाल, या एका गुणावर हळदीचं कुंकू व्हायचं. एकोणिसाव्या शतकातले रसायनशास्त्रज्ञ क्षार ओळखायला हळदीत बुडवलेला कागद वापरत, तोही याच गुणावर. १९४९ मध्ये कुरकुमिन जिवाणूंची वाढ रोखतं, असा निबंध 'नेचर'मध्ये आला आणि रंगाचं औषध व्हायला सुरुवात झाली.

खरी खळबळ उडाली १९९५ मध्ये. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन संशोधकांना, तेही भारतीय वंशाच्या, 'जखम भरण्यासाठी हळद' यावर अमेरिकेत पेटंट मिळालं. आजीच्या बोटाखालची हळद कुणाच्या तरी मालकीची झाली होती! मूळचे गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा 'सीएसआयआर'चे, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, महासंचालक होते. संस्थेने दावा लढवला. 'आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे' हे तिथे चालत नव्हतं, छापील पुरावा लागत होता. जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख धरून ३२ संदर्भ उभे केले. १९९७ मध्ये तिथल्या पेटंट कार्यालयाने पेटंटमधले दावे रद्द केले. पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय २००१ मध्ये सुरू झालं, ते याच धड्यातून. मला हा लढा आजही अभिमानाचा वाटतो. पण त्याचा एक परिणाम असाही झाला की हळद जगभर 'औषध' म्हणून गाजली.

आणि इथेच गोंधळ सुरू झाला. कुरकुमिन तोंडावाटे घेतलं तर रक्तात जवळजवळ उतरत नाही. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी माणसांना २ ग्रॅम कुरकुमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरीन, म्हणजे मिरीतलं तिखट द्रव्य, दिलं, तेव्हा शोषण २००० टक्क्यांनी वाढलं. हा आकडा आज कुरकुमिनच्या गोळ्यांच्या पाकिटांवर दिसतो. पण मुळात नगण्य असलेलं वीसपटीने वाढलं, हे पाकीट सांगत नाही. हिशेब करून पाहा. हळदीच्या पुडीत कुरकुमिन तीन टक्क्यांच्या आसपास. २ ग्रॅमसाठी पासष्ट-सत्तर ग्रॅम हळद लागेल. आपण भाजीत घालतो ती चिमूट.

मिनेसोटा विद्यापीठाच्या कॅथरिन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सगळा पुरावा चाळला आणि कडक चाचणीत कुरकुमिन टिकल्याचं त्यांना दिसलं नाही. गुडघेदुखीवर काही लहान चाचण्यांत थोडा आराम दिसला आहे, तेही नोंदवायला हवं. पण कुरकुमिनच्या जास्त मात्रेच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटली आणि अमेरिकेत झाल्या. वरणातली हळद आणि डबीतली गोळी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एकीचा हजारो वर्षांचा अनुभव दुसरीला लावता येत नाही.

फोडणीची रीत मात्र मला शहाणपणाची वाटते. कुरकुमिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. मोहरी तडतडली, जिरं फुललं, हिंग पडला, की आच कमी करून हळद, कारण ती क्षणात करपते आणि कडू होते. गोड्या मसाल्यात मिरी असतेच.

आता प्रश्न हळद किती खावी यापेक्षा कोणती खावी, हा आहे. बांगलादेशात १९८० च्या दशकात पुरात भिजून काळवंडलेल्या हळकुंडांना झळाळी आणायला शिसं असलेला पिवळा रंग, लेड क्रोमेट, चोळायला सुरुवात झाली. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं होतं. सरकारने धाडी घातल्या, लोकांना सांगितलं, आणि २०२१ मध्ये ते प्रमाण शून्यावर आलं.

आपल्याकडे वायगाव, सांगली आणि वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात ती पेवं बुडाली. आई अजूनही उन्हाळ्यात वर्षाची हळकुंडं आणते. घ्यायच्या आधी एक मोडून बघते. कट्‌कन तुटलं आणि आत गाभ्यापर्यंत नारिंगी दिसलं, तरच पिशवी उघडते.