मबुना: खडकाच्या बांधावरची भांडणं

गडद निळ्या आणि पिवळ्याधमक रंगांना भुलून लोक आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले मबुना मासे घरी आणतात. काही दिवसांत एखाद्याची शेपटी कुरतडलेली दिसली, की बोल दुकानदाराला. मासे मारकुटे आहेतच, पण ते तसे का आहेत हे कळलं की टाकी कशी लावायची हेही निम्मं कळतं.

मलावी, मोझांबिक आणि टांझानिया यांच्यामधलं हे सरोवर सुमारे 700 मीटर खोल. मबुना मात्र काठालगतच्या खडकांत राहतात. तिथल्या नितळ पाण्यात ऊन खडकापर्यंत पोचतं, त्यावर शेवाळाचा बुळबुळीत थर धरतो आणि त्यात बारीक जीव राहतात. तो खरवडून खाणं ही बहुतेक मबुनांची रोजीरोटी. लॅबिओट्रॉफियस नावाच्या मबुनाचं तोंड तर नाकाखाली वळलेलं. खडकाला जवळजवळ समांतर राहूनच तो चरतो. खडक हेच शेत, मग बांधावरून भांडणं आलीच.

म्हणून टाकीत दगडांची रास हवी, भरपूर कपारींची. दगड आधी तळाशी नीट बसवावेत, वाळू मागाहून घालावी. हे मासे वाळू उपसतात. वाळूवर ठेवलेला दगड कलंडला तर काच गेलीच. जाणकार मासे जरा दाटीनेच ठेवतात, म्हणजे एकाच दुबळ्यामागे सगळे हात धुऊन लागत नाहीत. एका नरामागे तीन-चार माद्या बऱ्या. दाटीमुळे घाणही वाढते, तेव्हा फिल्टर दणकट हवा आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदलायला हवं. चार फुटांहून लहान टाकीत हा खटाटोप करूच नये, असं माझं मत.

शेवाळ पचवायला यांचं आतडं लांब असतं. त्यात रोज ब्लडवर्म (लाल अळ्या) कोंबले तर पोट फुगून मासा दगावू शकतो. स्पिरुलिना या शेवाळाचं खाद्य, अधूनमधून उकडलेला पालक पुरे. पाण्याचा सामू (pH) 7.8 ते 8.5 ठेवावा. मुंबईच्या तलावांचं पाणी मृदू, म्हणजे कमी क्षारांचं, त्यात कोरलचा चुरा घालावा लागतो. बोअरच्या जड पाण्याला एरवी आपण नावं ठेवतो, मबुनांना ते मानवतं.

वीण तर बघण्यासारखी. मादी अंडी घालताच तोंडात घेते. नराच्या गुदपरावर (पोटाखालच्या मागच्या परावर) अंड्यांसारखे पिवळे ठिपके असतात. तेही टिपायला ती तोंड नेते आणि नराचं वीर्य तोंडातल्या अंड्यांपर्यंत पोचतं. पुढे सुमारे तीन आठवडे ती जवळपास उपाशीच राहते, गळा फुगलेला. या काळात तिला वेगळ्या टाकीत हलवलं तर पिल्लं वाचतात. मात्र टाकीत जवळच्या दोन जाती एकत्र असतील तर पिल्लं संकरित निघू शकतात. ती शुद्ध जातीची म्हणून कुणाला देऊ नयेत.