फ्रूटी वाईन आणि गोड वाईन: नाक एक सांगतं, जीभ दुसरंच

व्हाईट वाईनबद्दल बोलताना लोक फ्रूटी आणि गोड हे दोन शब्द अगदी एकाच अर्थाने वापरतात, आणि मला वाटतं बऱ्याच जणांना आपली आवडती वाईन सापडत नाही ती यामुळेच. "मला गोड नको" म्हणून जी बाटली ते बाजूला ठेवतात ती कित्येकदा अजिबात गोड नसते, नुसता वास तसा असतो.

फ्रूटी हे नाकाचं काम आहे. लिची, पीच, पॅशनफ्रूट, हिरवं सफरचंद वगैरे जे काही येतं ते वास असतात. गोड हे जिभेचं काम, म्हणजे वाईनमध्ये खरोखर साखर उरलीय का एवढाच प्रश्न. व्हॅनिला इसेन्सची बाटली उघडली की किती गोड वास येतो, पण थेंबभर जिभेवर ठेवा, कडू लागतो! तसंच आहे हे. पक्कं करायचं असेल तर नाक चिमटीत धरून एक घोट घ्या, फळं सगळी गायब होतात आणि साखर असेल तर ती तेवढी राहते. मी नवीन माणसाला पहिल्यांदा हेच करायला सांगतो, दहा सेकंदात फरक कळतो.

साखर उरते कशी तर द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल होतं, लिटरमागे साधारण 17 ग्रॅम साखरेतून 1 टक्का. सगळी खाऊन झाली की वाईन ड्राय, मध्येच थांबवलं किंवा रसात साखरच इतकी होती की यीस्ट थकलं, तर वाईन गोड. युरोपियन युनियनच्या नियमात लिटरला 4 ग्रॅमपर्यंत साखर म्हणजे ड्राय (अ‍ॅसिड पुरेसं असेल तर 9 पर्यंतही चालतं) आणि 45 ग्रॅमपासून पुढे स्वीट. फ्रान्सच्या सोटर्नसारख्या वाईन, ज्यात बोट्रायटिस बुरशीमुळे द्राक्षं सुकून साखर घट्ट होते, त्या शंभरच्याही वर सहज जातात.

आता सगळ्यात फसवणारी द्राक्षं. गेवुर्त्सट्रामिनरला गुलाब आणि लिचीचा इतका दाट वास येतो की नाक लावताच माणूस म्हणतो ही सरबतासारखी असणार, पण फ्रान्समधल्या अल्सासच्या कितीतरी बाटल्या ड्राय असतात, काही मात्र खरंच गोड, त्यामुळे लेबल बघावंच लागतं. अर्जेंटिनाची टोरोंटेससुद्धा तशीच, फुलांचा घमघमाट आणि घोट मात्र बहुतेक वेळा एकदम कोरडा. मला ही वाईन फार आवडते, आणि केवळ वासावरून तिला नाही म्हणणारे बघितले की खरंच वाईट वाटतं.

रीसलिंगचं उलटंच. तिच्यात अ‍ॅसिड इतकं असतं की 15-20 ग्रॅम साखर असली तरी ताजी, लिंबासारखी लागते आणि "मी फक्त ड्राय पितो" म्हणणारा माणूस दुसरा ग्लास मागतो. म्हणजे साखर असणं आणि गोड लागणं हेही तंतोतंत एक नाही. त्यात फ्रीजमधून काढल्या काढल्या प्यायलात तर थंडीने गोडवा अजून दबतो, दहा-पंधरा मिनिटं ग्लासात ठेवली की तीच वाईन जास्त गोड वाटायला लागते.

बाटली न उघडता कसं ओळखायचं? मी आधी अल्कोहोलचा आकडा बघतो. 12.5-13 असेल तर बहुतेक ड्राय, जर्मनीतल्या मोझेलच्या रीसलिंगवर 8 दिसलं तर साखर उरलीय हे जवळपास नक्की, इटलीची गोड मोस्काटो दास्ती तर 5 च्या आसपासच असते. सोटर्न इथे अपवाद, ती 13-14 टक्के असूनही गोड. शब्द म्हणाल तर जर्मन ट्रॉकन आणि फ्रेंच सेक म्हणजे ड्राय, दमी-सेक म्हणजे थोडी गोड. श्पेटलेजे हा जर्मन शब्द बघून लोक लगेच गोड समजतात पण तो तोडणीच्या वेळी द्राक्षं किती पिकली होती ते सांगतो, श्पेटलेजे ट्रॉकनही मिळते. आणि फेसाळ वाईनवर एक्स्ट्रा ड्राय लिहिलं असेल तर ती ब्रूटपेक्षा (हाही फेसाळ वाईनच्या लेबलवरचा शब्द, कमी साखरेचा) गोड असते बरं का, ब्रूटमध्ये लिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी आणि एक्स्ट्रा ड्रायमध्ये 12 ते 17.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी विचारलं कशी हवी, तर दोन वेगळी उत्तरं द्या, वास कसा हवा आणि साखर किती हवी. "भरपूर फळांचा वास पण ड्राय" म्हणालात तर न्यूझीलंडच्या मार्लबरोची सोव्हिन्यों ब्लाँ समोर येईल, आणि "थोडी साखर चालेल पण जड नको" म्हणालात तर मोझेलची काबिनेट (म्हणजे श्पेटलेजेपेक्षा कमी पिकलेल्या द्राक्षांची, हलकी) रीसलिंग.