रोटरी इंजिन माझदाचं? अर्धंच खरं

गाड्यांच्या गप्पा रंगल्या की कुणीतरी म्हणतंच, "रोटरी इंजिन माझदाने शोधलं." नाही हो! शोध जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांचा. एनएसयू कंपनीत १९५७ साली त्यांचं पहिलं इंजिन फिरलं आणि १९६४ मध्ये हे इंजिन असलेली एनएसयू स्पायडर ही गाडी विक्रीला आली. हिरोशिमाच्या माझदाने (आपल्याकडच्या स्वराज माझदामुळे ओळखीचं झालेलं नाव) एनएसयूकडून परवाना घेतला.

पण घेतलं ते दुखणंच. या इंजिनात पिस्टन नाही. तिकोनी रोटर फिरतो. त्याच्या टोकांवरच्या पट्ट्या भिंतीवर थरथरून ओरखडे पाडत. 'सैतानाची नखं' म्हणत त्या ओरखड्यांना. माझदाचे इंजिनियर केनिची यामामोटो यांच्या चमूने कार्बनमिश्रित पट्ट्या बनवून ते मिटवलं आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली. एनएसयू याच पट्ट्यांपायी जेरीस आली, माझदाने १९९१ मध्ये याच इंजिनावर फ्रान्समधली ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. म्हणजे बाळ जर्मन, वाढवलं जपान्यांनी.

दुसरा गैरसमज: ऑइल संपतंय, म्हणजे इंजिन गेलं. आरएक्स-८ (माझदाची रोटरी इंजिनाची गाडी) वाले यावर हसतात. पट्ट्यांना वंगण मिळावं म्हणून पंप मुद्दामच थोडं ऑइल आत सोडतो आणि ते जळतं. म्हणून हे लोक पेट्रोल भरताना डिपस्टिकही (ऑइल किती आहे ते दाखवणारी कांडी) काढून बघतात. आणि थंड गाडी चालू करून, चार हात मागे घेऊन लगेच बंद? कधीच नाही. स्पार्क प्लग पेट्रोलने भिजतात, मग बसा स्टार्टर मारत.