एक शीर्षक, अनेक गाणी: पार्श्वभूमी

डिसेंबर १९८४मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ‘द पॉवर ऑफ लव्ह’ पहिल्या क्रमांकावर पोचलं. ऑगस्ट १९८५मध्ये अमेरिकेच्या यादीत ‘द पॉवर ऑफ लव्ह’ अव्वल ठरलं आणि ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमध्ये पुन्हा तेच नाव वर आलं. पण ही एकाच गाण्याची घोडदौड नव्हती. पहिलं गाणं फ्रँकी गोज टू हॉलिवूड या बँडचं, दुसरं ‘बॅक टू द फ्यूचर’ चित्रपटातलं, ह्युई लुइस अँड द न्यूज यांचं, आणि तिसरं जेनिफर रश या गायिकेचं. शब्द वेगळे, चाली वेगळ्या, रचनाकारही वेगळे. पुढे १९९३मध्ये सेलिन डिऑनने रशचं गाणं नव्याने गायलं आणि २०१२मध्ये गॅब्रिएल ॲप्लिनने फ्रँकीचं. त्यामुळे नुसतं नाव सांगून यातलं हवं ते गाणं मिळेलच, याची आजही खात्री नाही.

असं झालं की ‘नाव चोरलं’ हा आरोप पटकन होतो. मला तो अन्यायाचा वाटतो, कारण गाण्याला स्वतंत्र शीर्षक असावं ही अपेक्षाच मुळात फार जुनी नाही. तोंडी परंपरेत गाणं ओळखलं जायचं ते पहिल्या ओळीवरून किंवा ध्रुवपदावरून. अभंगांच्या छापील गाथेत म्हणूनच अभंगाला क्रमांक देतात आणि शेवटी पहिल्या चरणांची अकारविल्हे सूची जोडतात. ख्यालाच्या बंदिशीची ओळखही रागाचं नाव आणि मुखड्याचे शब्द मिळून पटते. ‘अमेझिंग ग्रेस’ हे जगभर पोचलेलं भजन जॉन न्यूटनने १७७९च्या संग्रहात छापलं तेव्हा त्याच्यावर ‘फेथ्स रिव्ह्यू अँड एक्स्पेक्टेशन’ असा जड मथळा होता. तो मागे पडला आणि सुरुवातीचे दोन शब्दच नाव होऊन बसले. आज ते ज्या चालीवर गातात, तिला ‘न्यू ब्रिटन’ हे वेगळंच नाव आहे. शब्द आणि चाल यांची ही जोडी १८३५च्या ‘सदर्न हार्मनी’ या पुस्तकात छापली गेली.

लोकगीतांच्या संग्राहकांपुढे पेच दुहेरी होता. एका नावाखाली भलतीच गाणी सापडत आणि एकच गाणं गावोगाव वेगळ्या नावाने भेटे. हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ या काळात इंग्लंड-स्कॉटलंडची ३०५ कथागीतं पाठभेदांसह प्रसिद्ध केली आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. ‘बार्बरा ॲलन’ हे त्यांचं ८४वं. पुढे स्टीव्ह राउड या ग्रंथपालाने इंग्रजी लोकगीतांची त्याहून कितीतरी मोठी सूची केली. तिच्यात तेच गाणं ५४ या क्रमांकाखाली आहे. नाव कसंही बदलो, क्रमांक बदलत नाही.

अभिजात संगीतालाही यातून सुटका नव्हती. जर्मन कवी गटेच्या दोन निरनिराळ्या कवितांना ‘वाँडरर्स नाख्टलीड’, म्हणजे वाटसरूचं रात्रगीत, हे एकच नाव आहे आणि संगीतकार शूबर्टने दोन्हींना चाली लावल्या. त्या वेगळ्या ओळखायच्या तर ओटो एरिश डॉइच यांनी केलेल्या शूबर्टच्या रचनांच्या सूचीतले क्रमांक सांगावे लागतात: एक २२४ आणि दुसरं ७६८.

शीर्षकाला आजचं वजन आलं ते बाजारामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या अठ्ठाविसाव्या रस्त्यावर गाण्यांचे छापील कागद विकणाऱ्या प्रकाशकांची दाटी झाली. टिन पॅन ॲली हे त्या भागाचं टोपणनाव. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला गाणं मागता आलं पाहिजे, म्हणून नाव छोटं हवं आणि ते गाण्यातच वारंवार ऐकू यायला हवं. ध्वनिमुद्रिका आणि रेडिओने ही गरज वाढवली. सोप्या, सगळ्यांच्या ओठांवर बसणाऱ्या शब्दांचा साठा असा मोठा तो किती असणार? प्रेम, रात्र, चंद्र, विरह, ‘परत ये’ यांच्याभोवतीच हजारो गीतकार फिरत होते. नावं एकमेकांवर आदळणारच होती.

कायद्यानेही हे ओळखलं. ‘द मॅन हू ब्रोक द बँक ॲट माँटे कार्लो’ हे १८९०च्या दशकातलं गाजलेलं गाणं. त्याच नावाचा चित्रपट १९३५मध्ये आला, तेव्हा गाण्याचे प्रकाशक कोर्टात गेले. कॅनडातून अपिलात गेलेल्या या दाव्याचा निकाल लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश साम्राज्यातल्या अखेरच्या अपील न्यायालयाने, १९३९मध्ये दिला. चित्रपटाने गाण्याचं फक्त नाव घेतलं होतं आणि तेवढ्याने स्वामित्वहक्काचा भंग होत नाही, असं ठरलं. अमेरिकेच्या नियमांतही नावं, शीर्षकं आणि लहान शब्दसमूह यांना कॉपीराइट मिळत नाही. हे योग्यच आहे. ‘हॅलो’ या शब्दावर १९८४मध्ये लायनेल रिचीचा ताबा बसला असता, तर २०१५मध्ये ॲडेलने काय करायचं होतं? दोन्ही गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. ‘व्हीनस’ नावाच्या दोन वेगळ्या गाण्यांनीही, १९५९ आणि १९७०मध्ये, हेच केलं. ‘माय लव्ह’ तर तीनदा अव्वल ठरलं: १९६६मध्ये पेट्युला क्लार्क, १९७३मध्ये पॉल मॅकार्टनी आणि विंग्ज, २००६मध्ये जस्टिन टिंबरलेक.

कायद्याची सक्ती नसली तरी कलाकार कधी कधी आपणहून वाट काढतात. व्हॅन हेलन या बँडचं ‘जंप’ १९८४मध्ये धुमाकूळ घालत होतं, म्हणून पॉइंटर सिस्टर्सनी आपल्या ‘जंप’ला कंसात ‘फॉर माय लव्ह’ अशी शेपटी जोडली.

खरी अडचण हिशेबाची आहे. एका नावाची दोन गाणी असली की मानधन कोणाच्या खात्यात जाणार? ध्वनिमुद्रणांसाठी १९८६मध्ये आयएसआरसी हा आंतरराष्ट्रीय क्रमांक आला. मूळ रचनेसाठी आयएसडब्ल्यूसी आहे आणि त्यातला पहिला क्रमांक १९९५मध्ये ॲबा या बँडच्या ‘डान्सिंग क्वीन’ला मिळाला. एका रचनेची दहा ध्वनिमुद्रणं झाली तर आयएसआरसी दहा, आयएसडब्ल्यूसी मात्र एकच. रचना आणि मुद्रण यांतला हा भेद ऐकणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही, पण गीतकार-संगीतकाराचं पोट त्यावर चालतं.

हे क्रमांक नोंदवले गेले आणि एकमेकांशी जुळले, तरच उपयोगी पडतात. अमेरिकेत २०१८च्या कायद्यानुसार रचनाकारांचं मानधन गोळा करायला नवी संस्था उभी राहिली. फेब्रुवारी २०२१मध्ये डिजिटल संगीतसेवांनी तिच्याकडे सुमारे ४२ कोटी ४० लाख डॉलर सोपवले. ही सारी आधीच्या काळातली, रचनेशी किंवा हक्कदाराशी जुळणी न झालेली रक्कम होती. गाणी वाजली होती, ऐकली गेली होती, पण ती लिहिणाऱ्यांपर्यंत पैसे पोचले नव्हते. आजही बहुतेक ॲपवर आधी दिसतं ते शीर्षक आणि गायकाचं नाव. गीतकार-संगीतकार कोण, हे बघायला आणखी एकदा बोट दाबावं लागतं.