हार्ड डिस्कची सूचना फोनपर्यंत पोचवताना

मे महिन्यात नाशिकला वळीव कोसळतो, गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत लाईट जाते आणि यूपीएस नसलेले कॉम्प्युटर जागच्या जागी बंद पडतात. त्या क्षणी हार्ड डिस्कच्या पोटात जे घडतं ते समजून घेण्यासारखं आहे. आतली चकती मिनिटाला ७२००, म्हणजे सेकंदाला १२० फेरे मारत असते. वाचणारं हेड तिच्यापासून जेमतेम काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. आपल्या केसाची जाडी या अंतराच्या हजारो पट भरेल. हेडला तरंगत ठेवते ती चकतीबरोबर फिरणारी हवा. वीज गेली की वेग उतरायला लागतो, म्हणजे हेड खाली टेकायच्या आत बाजूला न्यायला हवं. त्यासाठी लागणारी वीज आणायची कुठून? चकती अजून फिरतेच आहे. तिला फिरवणारी मोटरच आता जनित्र होते आणि त्या एवढ्याशा विजेवर हेड आपल्या जागी जाऊन बसतं. लाईट आल्यावर डिस्क स्वतःच्या नोंदीत एक आकडा वाढवते: वीज अचानक गेली, हेड मागे घ्यावं लागलं.

अशा कितीतरी नोंदी डिस्क स्वतःहून ठेवते. किती तास चालली, किती तापली, कोणता भाग वाचताना अडखळली, सगळं. या व्यवस्थेला ‘स्मार्ट’ म्हणतात. आयबीएमने १९९२ साली आपल्या मोठ्या यंत्रांच्या डिस्कमध्ये बिघाडाचा आगाऊ अंदाज देणारी सोय आणली, पुढे कॉम्पॅकने डिस्क बनवणाऱ्या कंपन्यांना बरोबर घेऊन तशीच पद्धत तयार केली आणि त्यातून सगळ्यांसाठी एक मानक झालं. आज तुमच्या घरातल्या जवळपास प्रत्येक डिस्कमध्ये ते आहे. नोंदी असतात, पण त्या बघायला कोणी जात नाही, आणि माझ्या मते खरी अडचण तीच आहे.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर त्या बघायचं काम ‘स्मार्टमॉनटूल्स’ हे मोफत सॉफ्टवेअर करतं. ते २००२ साली सुरू केलं ब्रूस अ‍ॅलन यांनी. हे पेशाने भौतिकशास्त्रज्ञ, गुरुत्वीय लहरींच्या शोधातले. अमेरिकेत विस्कॉन्सिन-मिलवॉकी विद्यापीठात त्यांनी शेकडो साध्या कॉम्प्युटरचा समूह उभा केला होता. एवढ्या डिस्क एकत्र आल्या की त्यातली कोणती ना कोणती नेहमी आजारीच असणार. हिंगोलीत औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ची वेधशाळा उभी राहते आहे, तीही याच लहरींसाठी. ज्या विज्ञानाची मराठवाड्यात वाट पाहिली जाते आहे, त्याच्याच एका अभ्यासकाने आपल्या टेबलावरच्या डिस्कचीही सोय करून ठेवली, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

आता एक खरी डिस्क बघू. रविवार कारंज्याजवळच्या एका फोटो स्टुडिओत उबुंटूवर, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकारावर, चालणारा कॉम्प्युटर आहे. कित्येक लग्नसराया आणि मुंजी त्या एका डिस्कवर साठलेल्या. तिच्या नोंदी उघडल्या तेव्हा वरच ‘तब्येत: उत्तीर्ण’ असं लिहिलेलं होतं. खाली १९७ क्रमांकाच्या ओळीत मात्र ८ हा आकडा होता.

हा १९७ म्हणजे निकाल न लागलेले सेक्टर. सेक्टर म्हणजे चकतीवरचा माहिती साठवायचा छोटा तुकडा. डिस्क प्रत्येक सेक्टरबरोबर दुरुस्तीपुरती जास्तीची माहितीही लिहून ठेवते, त्यामुळे वाचताना झालेली थोडीफार चूक ती गुपचूप सुधारते. चूक त्याहून मोठी असेल तर सेक्टर वाचताच येत नाही. तेव्हा तो लगेच बाद केला, तर आतला मजकूर परत मिळण्याची उरलीसुरली शक्यताही जाईल. म्हणून डिस्क त्याच्यावर खूण करून थांबते. पुढे कधी त्या जागी नवं काही लिहायची वेळ आली, की ती जागा तपासते. ठीक निघाली तर खूण पुसली जाते. नाही निघाली तर राखीव जागेतला सेक्टर तिथे जोडला जातो आणि मग ५ क्रमांकाचा आकडा वाढतो. १९७ मधला आकडा अनेकदा ८ च्या पटीत दिसतो, कारण चकतीवरचा खरा सेक्टर ४०९६ बाइटचा आणि हिशेब ५१२ बाइटच्या तुकड्यांत. स्टुडिओच्या डिस्कवर एकच जागा बिघडली होती. पण ‘उत्तीर्ण’ हा शब्द बघून निर्धास्त होणं किती चुकीचं ठरलं असतं, हे यावरून कळावं. तो शेरा उत्पादकाने ठरवलेल्या मर्यादेवर मिळतो, आणि ती मर्यादा फार ढिली असते.

या आकड्यांवर विसंबावं किती? गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये १ लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक सापडल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क मरण्याची शक्यता ३९ पटींनी वाढते, असं त्यात दिसलं. पण त्याच अभ्यासात मेलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी सगळ्यात भरवशाच्या चार नोंदींपैकी एकातही काही दाखवलं नव्हतं. सूचना मिळाली तर ती सोन्यासारखी, पण न मिळणं म्हणजे डिस्क धडधाकट असं नव्हे. बॅकअपला पर्याय नाहीच. उष्णतेचा संबंध मात्र वाटतो त्यापेक्षा कमी निघाला, तेव्हा एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला म्हणून घाबरून जायचं कारण नाही.

स्मार्टमॉनटूल्स बसवायला एक आज्ञा पुरते. त्यातला ‘स्मार्टडी’ हा प्रोग्राम पार्श्वभूमीला चालतो आणि काही बदललं नाही तर दर ३० मिनिटांनी नोंदी तपासतो. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘डिव्हाइसस्कॅन’ ही ओळ असते, ती सगळ्या डिस्क आपोआप शोधते. इथे बरेच जण फसतात: या ओळीच्या खाली तुम्ही काहीही लिहा, प्रोग्राम ते वाचतच नाही. एखाद्या डिस्कसाठी वेगळं काही हवं असेल तर ते वर लिहावं. त्या ओळीत ‘डॅश ए’ हा पर्याय दिला की १९७ आणि १९८ (तपासणीत वाचता न आलेले सेक्टर) वर आपोआप लक्ष राहतं, पण ५ क्रमांकाचा मूळ आकडा वाढल्याची ईमेल त्याने येत नाही. त्यासाठी ‘डॅश कॅपिटल आर’, पुढे ५ आणि त्याला चिकटून उद्गारचिन्ह असं वेगळं लिहावं लागतं. मी हे कधीही गाळत नाही.

डिस्कने स्वतःची तपासणी करावी म्हणून वेळापत्रकही देता येतं. इंटरनेटवरच्या नमुन्यांत पहाटे २ किंवा ३ ची वेळ असते. तुमचं दुकान रात्री बंद, कॉम्प्युटरही बंद, मग ती तपासणी व्हायची कधी? दुपारी जेवायला शटर अर्धं ओढता ती वेळ धरा. छोटी तपासणी दोनेक मिनिटांत होते, मोठीला मोठ्या डिस्कवर कित्येक तास लागतात. तिच्यासाठी एक रात्र कॉम्प्युटर चालू ठेवा.

सगळं जमलं असं वाटतं ते इथेच, आणि खरं घोडं इथेच अडतं. स्मार्टडी सूचना ईमेलने पाठवतो, तीही बहुतेकदा ‘रूट’ या त्या कॉम्प्युटरवरच्याच मुख्य खात्याला. घरगुती लिनक्सवर बाहेर ईमेल पाठवणारा प्रोग्राम सहसा नसतोच. म्हणजे रिकाम्या घराच्या पत्त्यावर तार यावी तशी ती सूचना वाया जाते. उपाय दोन. एक, ‘एमएसएमटीपी’सारखा छोटा प्रोग्राम बसवून स्वतःच्या जीमेलमधून पाठवणं, त्यासाठी नेहमीचा पासवर्ड चालत नाही, खात्याची दोन टप्प्यांची सुरक्षा चालू करून वेगळा अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो. दुसरा मला जास्त पटतो: टेलिग्रामवर एक बॉट, म्हणजे आपोआप संदेश पाठवणारं खातं, तयार करायचा आणि चार ओळींची स्क्रिप्ट लिहायची. स्मार्टडी इशाऱ्याचा मजकूर स्क्रिप्टच्या हाती देतो, ती तो थेट फोनवर धाडते. दुकानदार ईमेल उघडत नाहीत, फोन मात्र हातातच असतो.

मग चाचणी. सेटिंगमध्ये ‘डॅश कॅपिटल एम टेस्ट’ लिहून प्रोग्राम पुन्हा सुरू केला की प्रत्येक डिस्कसाठी एक खोटी सूचना निघते. ती फोनवर वाजली तरच काम झालं. चाचणीनंतर तो शब्द काढून टाका, नाहीतर दर वेळी कॉम्प्युटर सुरू करताना खोटा इशारा येईल आणि खऱ्याकडेही लक्ष जाणार नाही.

खरी सूचना आली तर? आधी आकडा बघा. १९९ क्रमांकाचा वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा. डिस्क फेकू नका, तिला कॉम्प्युटरशी जोडणारी साटा केबल बदला. ५, १९७ किंवा १९८ वाढत असतील तर तपासण्या आणि दुरुस्त्या करत बसू नका, जे दुसरीकडे कुठेच नाही ते आधी कॉपी करा. डिस्क फारच अडखळत असेल तर ‘डीडीरेस्क्यू’ हा प्रोग्राम वापरा. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, रखडणाऱ्या जागा मागे ठेवतो आणि कुठवर आला ते मॅप फाइलमध्ये लिहितो. मध्येच लाईट गेली तरी पुढच्या वेळी तिथूनच सुरू होतो. ती मॅप फाइल मात्र दुसऱ्या, चांगल्या डिस्कवर ठेवा.