शिट्टी आणि कौल

मारधाडीचा एखादा पिक्चर गाजला की आमच्याकडे लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, 'रक्त बघून पोरं शिट्ट्या मारतायत, समाज कामातून गेला.' दुसरा म्हणतो, 'अहो, पिक्चर आहे तो, एवढं काय मनावर घेता?' दोघांकडे पुरावा एकच, थेटरातला आवाज. त्या आवाजालाच दोघं लोकांचा कौल समजतात. गोंधळ घाटावर झाला असता तर समजलो असतो. पण देवळात कौल लावताना बघत लहानाची मोठी झालेली आमची कुडाळ-मालवणची माणसंसुद्धा शिट्टीला कौल म्हणायला लागली, तेव्हा मात्र राहवेना.

शिट्टीबद्दल जास्त सांगत नाही. अंधार, मोठा पडदा, ढोल, दार फोडून आत आलेला नायक, आणि दोन बोटं आपसूक तोंडात. सगळ्यांनी कधी ना कधी मारलेली आहे. ज्यांना मारता येत नाही त्यांनी खुर्चीचा हात बडवलेला आहे.

कौलाची तऱ्हा वेगळी. गुरव ओल्या पाकळ्या नाहीतर तांदूळ पाषाणाला चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवापुढे प्रश्न मांडतो, आणि मग सगळे गप्प उभे राहतात. उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार, कधी बराच वेळ काहीच पडत नाही. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख अशीच ठरते, तिला पंचांग चालत नाही. मुंबईचे चाकरमानी रजेचे अर्ज हातात धरून त्या कौलाकडे डोळे लावून बसतात. सिनेमाबद्दल माणसाच्या मनात जे पडतं तेही असंच उशिरा पडतं. त्याचा आवाज होत नाही, आणि पडतं तेव्हा तो थेटरात नसतो.

माझी आजी दशावताराची वेडी. जत्रेला रात्र उलटून गेली की आख्यान रंगात यायचं. राक्षस आरोळी ठोकून आत शिरला, बाकड्यावर पाय रोवून तलवार फिरवायला लागला की मागून शिट्ट्यांचा पाऊस. आजी घोंगडीतून हात बाहेर काढून त्याला शिव्या घालायची, 'मेल्या, तुजो काय खरा नाय आता!' आणि डोळे चमकत असायचे, कारण तिलाही तोच हवा असायचा. पहाटे नाटक संपल्यावर तोच राक्षस तोंडावरचा अर्धा रंग तसाच ठेवून आमच्या पडवीत चहाला आला, तर आजी म्हणाली, 'आवाज बसलो मरे तुजो. आल्याची चाय घी.' या बाईला राक्षसाचं वागणं पटलं होतं, असं म्हणायची कुणाची छाती आहे? गावात राक्षसाला जेवढ्या शिट्ट्या पडतात तेवढ्या विष्णूला पडत नाहीत, आणि त्यावरून गाव राक्षसाच्या बाजूचं आहे असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

तर मग शिट्टी सांगते तरी काय? माझ्या मते, ती प्रेक्षकाबद्दल थोडं आणि सिनेमाबद्दल पुष्कळ सांगते. शाळेत नवरस घोकले होते ते इथे कामाला येतात. रक्त तेच असतं. ते वीररसात कालवलं तर स्थायीभाव उत्साह, बीभत्सात कालवलं तर जुगुप्सा. उत्साहाला शिट्टी येते, किळसेला येत नाही. म्हणजे शिट्टी आली याचा अर्थ एवढाच, की दिग्दर्शकाने त्या जागी वीररस ओतला होता आणि तो लागू पडला. दारूगोळा त्याचा, आवाज आपला. 'अॅनिमल' 2023च्या डिसेंबरात आला तेव्हा आमच्या थेटरात सगळ्यात मोठा गलका कशाला झाला असेल? उपेंद्र लिमये आले आणि 'डॉल्बीवाल्या' सुरू झालं, त्याला. हिंदी पिक्चरात अचानक आपलं गाणं आणि आपला माणूस! मीही ओरडलो. पुढे हॉटेलात माणसांची खांडोळी झाली त्यातलं फारसं काही मला आज आठवत नाही. तो गलका हिंसेला दिलेला पाठिंबा होता असं ज्याला वाटतं, त्याने एकदा गणपतीच्या मिरवणुकीत उभं राहून बघावं.

आता जिथे सगळ्यांची गाडी अडते ती जागा. दोन्ही पक्ष सगळ्या शिट्ट्या एकाच मापाने मोजतात. पण काही शिट्ट्या सिनेमाने मागितलेल्या असतात आणि काही न मागता आलेल्या. मागितलेली शिट्टी सिनेमाच्या खात्यात जमा करावी. न मागितलेली आली तर कान टवकारायचे.

1996 साली मी रत्नागिरीत कॉलेजला होतो, तेव्हा 'बँडिट क्वीन' पाहिला. त्यात फूलनला विवस्त्र करून गावासमोर विहिरीवर पाणी भरायला लावतात. त्या दृश्यावरून पुढे खटला झाला. दिल्ली उच्च न्यायालयाने सिनेमाचं प्रमाणपत्र रद्द केलं, सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ते परत दिलं. न्यायालयाचं म्हणणं साधारण असं, की हे दृश्य वासना चाळवायला नाही, ते बघून तिच्याबद्दल कणव आणि करणाऱ्यांबद्दल घृणा वाटावी म्हणून आहे. न्यायालय सिनेमाबद्दल बोलत होतं आणि बरोबर बोलत होतं. त्या दृश्यात ढोल नाही, एंट्री नाही, वीररसाचा थेंब नाही. तरी आमच्या थेटरात मागच्या रांगेतून शिट्टी आली. एकच, लांब. पुढच्या रांगेतल्या दोन बायका उठून बाहेर गेल्या. मला दिग्दर्शकापेक्षा त्या मागच्या रांगेची भीती वाटली. सिनेमा किळस वाढत होता आणि त्या माणसाने पानात दुसरंच काही वाढून घेतलं. तीस वर्षांत मी ऐकलेली, कौलाच्या जवळ जाणारी शिट्टी हीच.

'अॅनिमल'मधलं बुटाचं दृश्य या दोघांच्या मधे अडकलेलं आहे, म्हणून त्यावर इतकी भांडणं झाली. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हणणाऱ्या एका मुलीला नायक ते सिद्ध करायला बूट चाटायला सांगतो. इथे डॉल्बी नाही, मशीनगन नाही, मग शिट्टी आली ती मागितलेली की न मागितलेली? माझं मत विचाराल तर तिथे दिग्दर्शक एक डोळा मिटून बसलाय. किळस आली तर 'बघा, तो वाईटच आहे' म्हणायला मोकळा, टाळी पडली तर टाळी घ्यायला मोकळा. असा दुटप्पीपणा मला थेट रक्तपातापेक्षा जास्त खटकतो. दशावतारातला राक्षस निदान राक्षस म्हणून येतो.

बाकीचे गोंधळ किरकोळ आहेत, पण चिडवतात. 'सेन्सॉरने पास केला म्हणजे चांगलाच असणार' हे एक. त्या मंडळाच्या नावातून सेन्सॉर शब्द 1983 सालीच गेला, आता ते प्रमाणपत्र देतं. 'ए' म्हणजे अठरा वर्षांच्या वरच्यांनी बघावा, एवढंच. दुसरं, गल्ल्याला कौल म्हणणं. सिनेमाने 900 कोटींच्या घरात धंदा केला की 'प्रेक्षकांचा कौल' म्हणून मथळे येतात. अहो, तिकीट आधी काढतात आणि पिक्चर नंतर दिसतो. तिकीट म्हणजे फार तर गाऱ्हाणं.

आणि तिसरं, 'पिक्चर बघून केलं' हे. 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' हा मारधाडीचा इंग्रजी पिक्चर 1971चा. ब्रिटनमध्ये गुन्ह्यांचं खापर त्याच्यावर फुटायला लागलं तेव्हा दिग्दर्शक कुब्रिकनेच तो तिथे 1973मध्ये मागे घ्यायला लावला. 1999मध्ये तो वारला, त्यानंतर ब्रिटनमध्ये परत दाखवला गेला. मधली पंचवीसेक वर्षं तिथे मारामाऱ्या बंद नव्हत्या.

कौल ऐकायचा असेल तर पिक्चर सुटल्यावर लगेच कुणाला विचारू नका. तेव्हा माणूस अजून डॉल्बीतच असतो. महिन्याभराने, स्टँडवर गाडीची वाट बघताना, मासळी घासाघीस करून घेताना, शेजारच्या घरातून भांडणाचा आवाज आला की तो जे सहज बोलतो त्यात कौल असतो. माझा पुतण्या बावीसचा, गॅरेजमध्ये काम करतो. 'अॅनिमल' तीनदा बघितलान. तीन तास एकवीस मिनिटांचा पिक्चर, तीनदा! मी सहा आठवडे थांबलो. एक दिवस स्पॅनर पुसता पुसता स्वतःच म्हणाला, 'काका, त्याका बापाशीन एकदा जवळ घेतलो असतो तर पिक्चर अर्ध्या तासात संपलो असतो.' मग जरा थांबून, 'बाबा पण माका कधी जवळ घेवक नाय.' त्याच्या शिट्ट्यांवरून मला यातलं काही कळलं नव्हतं.

उलटंही होतं, आणि ते जास्त वेळा होतं. शिट्टी फसवते तशी शांतताही फसवते. 'सैराट' 2016 साली आला. झिंगाटला आमचं थेटर नाचलं आणि शेवटाला असं गार पडलं की पंख्याचा आवाज ऐकू यावा. तिथे सुरी दाखवलेली नाही, घाव दाखवलेला नाही. आवाजच बंद. मूल रक्तातून चालत दाराबाहेर येतं आणि पावलं उमटत जातात. माझ्या बाजूला आमचे एक नातलग बसले होते, त्यांना मामा म्हणू. मामा रुमाल तोंडाला लावून हुंदके देत होते. बाहेर आल्यावर चहासुद्धा घेतला नाही. मला वाटलं, पडली पाकळी.

दीडेक वर्षाने त्यांच्या मुलीने ऑफिसातल्या एका मुलाचं नाव घरी सांगितलं. मी तिथेच होतो, वरणभात जेवत होतो. मामांनी ताटावरून मान वर केली नाही. आमटी ओढून घेतली आणि विचारलं, 'आडनाव काय म्हणालीस?' तिने सांगितलं. मामा भात कालवत राहिले. मग म्हणाले, 'तसं नव्हे. मूळ गाव कुठचं त्यांचं? वाडी कुठची?'