सागरेश्वर अभयारण्य

सांगली जिल्ह्यातील मानवनिर्मित अभयारण्य. कडेगाव, पलूस आणि वाळवा या तालुक्यांच्या सीमा जिथे एकमेकींना भिडतात त्या डोंगररांगेत ते वसले आहे. क्षेत्रफळ १०.८७ चौ. किमी. शासनाने १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा दिला. पुढे त्याच्या नावाला यशवंतराव चव्हाण यांचे नाव जोडले गेले. यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी अभयारण्याच्या पायथ्याच्या देवराष्ट्रे गावी, आजोळी झाला. चितळ, सांबर आणि काळवीट हे येथील मुख्य प्राणी. येथे बारमाही वाहणारे पाणी नाही, जंगलाचा मोठा भाग लावून वाढवलेला आहे, हरणे बाहेरून आणून सोडलेली आहेत आणि भोवताली कुंपण आहे. त्यामुळे नैसर्गिक अभयारण्य आणि शहरी प्राणिसंग्रहालय या दोहोंचे गुण आणि दोहोंच्या अडचणी सागरेश्वरात एकत्र आढळतात.

सांगली-साताऱ्याच्या लोकांना प्राणिसंग्रहालय म्हटले की पुण्याचे कात्रज आठवते. पेशवे पार्कात १९५३ साली सुरू झालेले ते संग्रहालय १९९९ मध्ये कात्रजला हलले आणि शाळांच्या सहलींचे ठरलेले ठिकाण बनले. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण १९९२ मध्ये स्थापन झाल्यावर पिंजऱ्याचा आकार, पशुवैद्यक, आहार आणि नोंदी यांचे निकष ठरले. १९९८ च्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय धोरणाने संवर्धनाला हातभार लावणे हे अशा संस्थांचे मुख्य उद्दिष्ट मानले. प्राणी दाखवावेत, त्यांची पैदास करावी, जिथे उणीव आहे तिथे ते पाठवावेत आणि हे सगळे लोकांना समजावून सांगावे, अशी ही चार कामे. सागरेश्वर कायद्याने अभयारण्य आहे, तरी या चारही कामांत त्याचा वाटा आहे. म्हणूनच त्याचा विचार निव्वळ ‘हरणे बघायची जागा’ म्हणून करणे अपुरे ठरते.

अभयारण्याच्या उभारणीचे श्रेय मोहित्यांचे वडगाव येथील वृक्षमित्र धों. म. मोहिते यांना दिले जाते. हा परिसर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पश्चिमेला शिराळा तालुक्यात धो धो पाऊस कोसळत असताना इकडच्या डोंगरांवरून नुसते ढग सरकताना दिसतात. उघड्या डोंगरावर झाड जगवणे म्हणजे आधी चराई आणि कुऱ्हाड थांबवणे. ज्यांच्या शेळ्या-मेंढ्या त्याच डोंगरावर चरत, ज्यांच्या चुलीला तिथलेच सरपण लागे, त्यांची समजूत घातल्याशिवाय ते होत नाही. म्हणून सागरेश्वरची सुरुवात रोपांइतकीच गावोगावच्या पारांवर झाली, असे म्हणणे योग्य होईल. शासनाच्या अधिसूचनेने जंगल राखले गेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. गावकऱ्यांच्या आग्रहातून जंगल आधी उभे राहिले आणि अधिसूचना मागाहून आली, अशी उदाहरणे थोडी. या नोंदीच्या दृष्टीने सागरेश्वरचे खरे महत्त्व तेच आहे.

वनस्पतींच्या दृष्टीने हे शुष्क पानगळीचे आणि काटेरी झुडपांचे वन. उन्हाळ्यात डोंगर करडा पडतो, पहिल्या वळवानंतर आठ-पंधरा दिवसांत हिरवा होतो. चितळ आणि सांबर यांखेरीज रानडुक्कर, साळिंदर, कोल्हा, तरस, मोर असे मूळचे रहिवासीही येथे आहेत. चितळ कळपाने, उजेडात, वाटेच्या कडेला दिसते. सांबर मात्र दिवसा घळीत दबून बसते आणि सांज झाल्यावर पाण्यावर येते. चैत्र-वैशाखात नैसर्गिक पाणी आटते, तेव्हा बांधलेले पाणवठे भरत राहणे हे वन कर्मचाऱ्यांचे रोजचे काम होऊन बसते. अशा पाणवठ्याच्या काठचा चिखल सकाळी नीट पाहिला तर रात्रीची हजेरी वाचता येते: चितळाचे बारीक, टोकदार खूर, त्यावर सांबराचा रुंद ठसा, कडेला साळिंदराचे गळलेले काटे. शाळकरी मुलांना प्राणी प्रत्यक्ष दिसला नाही तरी हा चिखल दाखवावा. पिंजऱ्यासमोर तासभर उभे राहून जे कळत नाही ते इथे कळते.

काळविटाची गोष्ट निराळी. तो माळरानाचा प्राणी. नराची पाठ गडद काळसर, पोट पांढरे, शिंगे पिळदार आणि वळ्यांची. त्याचा बचाव नजरेवर आणि पळण्यावर अवलंबून असतो, म्हणून त्याला मोकळे गवत हवे. सागरेश्वरातील झाडी जसजशी वाढते तसतशी त्याला मानवणारी जागा आक्रसते. लावलेले जंगल यशस्वी होणे आणि काळविटाची सोय होणे या दोन गोष्टी एकाच वेळी घडत नाहीत. कुंपणाबाहेर उतारावर आणि पायथ्याला मात्र गवताचे पट्टे, हरभऱ्याची आणि शाळूची शेते असतात. काळवीट तिकडे उतरला यात नवल नाही.

येथूनच सागरेश्वरचा सर्वांत अवघड प्रश्न सुरू होतो. चितळाची मादी सुमारे साडेसात महिन्यांनी एक पाडस देते आणि त्यांची वीण वर्षभर चालू राहते. बंदिस्त जागेत मोठा शिकारी प्राणी फारसा नसला की कळप वाढतच जातात. देशातील अनेक प्राणिसंग्रहालयांनाही चितळांच्या वाढत्या संख्येची हीच अडचण आहे. तिथे नर-माद्या वेगळ्या ठेवून ती आवरता येते, डोंगरावर ते शक्य नाही. चारा कमी पडला की हरणे कुंपणाची खालची बाजू उचकटलेली जागा, ओढ्याने वाहून नेलेला तुकडा किंवा कोसळलेला खांब हेरतात. एकदा वाट सापडली की सगळा कळप त्याच वाटेने जातो. देवराष्ट्रे, आसद, कुंभारगाव, घोगाव या बाजूच्या शिवारांत कोवळे शेंडे खुडलेला हरभरा आणि बसून लोळवलेला शाळू ही ओळखीची दृश्ये. शेतकरी बांधाला जुनी लुगडी बांधतात, रात्री माळ्यावर बॅटरी घेऊन राखण करतात. ताकारी उपसा सिंचन योजनेचे पाणी आल्यापासून या भागात ऊस आणि बागायत वाढली. पाणी आले तसे हरणांचे खाद्यही शेतात आले.

वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीची भरपाई मिळण्याची शासकीय तरतूद आहे. त्यासाठी अर्ज करावा लागतो, मग वन, महसूल आणि कृषी या खात्यांचे कर्मचारी एकत्र येऊन पंचनामा करतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने अडचण अशी की हरणे एका रात्रीत सगळे खात नाहीत. रोज चार सरी, आज या कोपऱ्यातून, उद्या त्या. अशा नुकसानीचा पंचनामा नेमका कोणत्या दिवशी करायचा, हेच ठरत नाही. ज्या गावांनी डोंगर राखला त्याच गावांच्या शेतात हरणे येतात, ही बाब संवर्धनाचा हिशेब मांडताना दुर्लक्षित राहता कामा नये. कुंपणाची दुरुस्ती हे इथे बांधकामाचे किरकोळ काम नाही. गावाचा आणि अभयारण्याचा करार त्यावर टिकून आहे.

वाढलेल्या संख्येला वाट काढण्याचा दुसरा मार्ग स्थलांतराचा. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरलेले चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना अभयारण्य मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तेथे वाघ टिकायचा तर त्याला भक्ष्य हवे आणि तृणभक्षी प्राण्यांची संख्या तिथे तोकडी पडते. त्यामुळे सागरेश्वरातील चितळ चांदोलीकडे हलवण्याचा पर्याय वन विभागाने स्वीकारला. चितळ फार भित्रे असते. हाताने पकडले किंवा दोरखंडांनी बांधले तर धसक्यानेच मरते. म्हणून भारतात आता आफ्रिकेतून आलेली ‘बोमा’ पद्धत वापरली जाते. आडोशाच्या दोन भिंती नरसाळ्यासारख्या निमुळत्या होत जातात, आत चारा ठेवून हरणांना त्या वाटेची सवय होऊ देतात आणि शेवटी ती आपल्या पायांनी वाहनात चढतात. माणसाचा हात लागत नाही. काळविटाला मात्र हा मार्ग मोकळा नाही. चांदोलीच्या दाट, पावसाळी रानात त्याला जगता येणार नाही. त्याची जागा रेहेकुरी किंवा नान्नजसारख्या माळरानांत आहे.

बंदिस्त कळपाला आणखी एक धोका संभवतो. बाहेरचे रक्त मिसळले नाही तर पिढ्यान्‌पिढ्या जवळच्या नात्यातच वीण होत राहते. प्राणिसंग्रहालये यासाठी आपसात प्राण्यांची देवाणघेवाण करतात. सागरेश्वरसारख्या ठिकाणीही कळप बाहेर पाठवताना अधूनमधून नवे प्राणी आणण्याचा विचार त्याच काळजीने व्हायला हवा.

सांगली जिल्ह्यात प्राणी आणि लोक यांच्या नात्याचे दुसरे ठळक उदाहरण बत्तीस शिराळ्याचे. तिथली नागपंचमी जिवंत नागांच्या मिरवणुकीसाठी गाजलेली होती. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आणि उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे त्या मिरवणुका बंद झाल्या. शिराळ्यात श्रद्धा आणि कायदा समोरासमोर आले. सागरेश्वरात श्रद्धेने जंगलाला साथ दिली आहे. येथील शिवमंदिरांचा समूह प्राचीन आहे आणि त्यात पन्नासएक लहान देवळे मोजली जातात. कड्यालगत काही अंशी खडकात कोरलेले कमळभैरवाचे देऊळ आहे. श्रावणी सोमवारी भाविकांची गर्दी होते. गर्दीबरोबर प्लॅस्टिक येते, माकडांना बिस्किटे दिली जातात आणि पाणवठ्याजवळ गोंगाट वाढतो. तरीही देवाच्या डोंगरावर कुऱ्हाड चालवू नये ही भावना इथल्या माणसांत आजही आहे आणि वनरक्षकांना तिचा उपयोग होतो.

अभयारण्याला जाण्यासाठी ताकारी आणि किर्लोस्करवाडी ही जवळची रेल्वे स्थानके. वन अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी प्रबोधिनी जवळच कुंडल येथे आहे. डोंगरमाथ्यावरून कृष्णेचे वळसे आणि दोन्ही काठांचे उसाचे मळे दिसतात. प्राणी पाहण्यासाठी सकाळी लवकर जावे. दुपारच्या उन्हात चितळेसुद्धा सावली सोडत नाहीत.